जिनिव्हाचे कागद आणि हर्सूलच्या नोंदवह्या

औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, अजिंठ्याकडे निघालेल्या रस्त्यावर हर्सूल लागते. हरसिद्धी मातेचे देऊळ आणि तलाव ही गावाची जुनी ओळख; परंतु मराठवाड्यात 'हर्सूलची हवा' म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभी राहते ती मध्यवर्ती कारागृहाची भिंत. या भिंतीआड, राज्यातील इतर कोणत्याही कारागृहाप्रमाणेच, माणसाआधी नोंदवही येते. नाव, बापाचे नाव, गाव, कलम, अंगावरील खुणा यांची नोंद झाल्यावाचून कैद्यास बराक मिळत नाही. या वह्यांत जातीचाही एक रकाना असे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील कामांची जातीनुसार वाटणी घटनाबाह्य ठरविली आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतून हा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी का होईना, स्वयंपाक कोणी करावा आणि संडास कोणी साफ करावा हे जन्मावरून ठरविण्याची रीत बेकायदा ठरली, ही गोष्ट निःसंशय स्वागतार्ह आहे.

परंतु उद्याच्या वहीतील रकाना गेला म्हणून कालच्या वह्यांचे काय करायचे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. त्या रकान्यात जे लिहिले गेले तोच तर अन्यायाचा पुरावा आहे. न्यायालयाने तो पुरावा जाळण्यास सांगितलेले नाही. परंतु सरकारी दप्तराची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना हेही ठाऊक आहे की, आदेशाचा सोयीस्कर अर्थ लावण्यात कचेऱ्या कधीच कमी पडत नाहीत. 'अ' वर्गाचे कागद कायम ठेवायचे, 'ड' वर्गाचे वर्षभरात नष्ट करायचे. आणि कोणता कागद कोणत्या वर्गात हे ठरविणारा माणूस इतिहासाचा विद्यार्थी नसतो, त्याला कपाट रिकामे करून हवे असते.

इकडे ही शांतता, आणि तिकडे दिल्लीत मात्र कागदांवरून केवढे रण माजले! २००८ साली नेहरूंच्या खासगी कागदपत्रांची ५१ खोकी तीन मूर्ती भवनातील अभिलेखागारातून गांधी कुटुंबाकडे परत गेली. ती परत मिळावीत म्हणून २०२४ पासून पत्रव्यवहार, वर्तमानपत्री मथळे आणि संसदेतील प्रश्नोत्तरे चालली. ती खोकी सार्वजनिक ठिकाणी असावीत, याविषयी समाजवाद्यांत दुमत असण्याचे कारण नाही. मात्र मागणारांचा डोळा इतिहासावर कितपत आणि एका घराण्याच्या अडचणीवर कितपत, हे न कळण्याइतके लोक भोळे नाहीत. त्याच अभिलेखागारात दुसऱ्या एका माणसाचे कागद अनेक वर्षे आहेत आणि त्यांच्यासाठी कोणीही संसदेत आवाज चढविलेला नाही. तो माणूस म्हणजे नारायण मल्हार जोशी.

जोशींचा जन्म १८७९ सालचा, कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचा. १९०९ साली ते गोखल्यांच्या भारत सेवक समाजात आले, १९११ साली त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली, आणि १९१९ साली वॉशिंग्टनला भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ते भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसले. पुढे जिनिव्हाच्या कामगार परिषदा, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे नियामक मंडळ, लंडनची गोलमेज परिषद अशी त्यांची वाट गेली. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात 'आंतरराष्ट्रीय मुत्सद्दी' या शब्दाने जे चित्र उभे राहते, रेशमी टोपी, मेजवान्या, बोटीवरील पहिला वर्ग, त्यात हा भारत सेवक समाजाचा अल्प वेतनावर राहणारा माणूस कोठेच बसत नाही. तरीही तो मुत्सद्दीच होता. फरक इतकाच की त्याच्यामागे राजा नव्हता, गिरणीची चाळ होती.

त्याच वेळी राष्ट्रसंघाच्या मुख्य सभागृहात भारताच्या नावाने कोण बसत असे? भारत स्वतंत्र नसूनही राष्ट्रसंघाचा मूळ सभासद होता, आणि त्याचे शिष्टमंडळ लंडनमधील भारतमंत्री निवडीत असे. बिकानेरचे महाराज, नवानगरचे जामसाहेब, कच्छचे महाराव, पतियाळाचे आणि कपूरथळ्याचे महाराज असे एकामागून एक संस्थानिक तेथे भारताचे प्रतिनिधी म्हणून गेले. जामसाहेब रणजितसिंहजींनी तर सी. बी. फ्राय या आपल्या क्रिकेटमधील जुन्या मित्रालाच साहाय्यक म्हणून बरोबर नेले. भारताचे परराष्ट्रकारण आणि ससेक्स परगण्याचा क्रिकेट संघ यांत त्या काळी फारसे अंतर नव्हते, असे म्हणावयास हरकत नाही. शिष्टमंडळाचे नेतृत्व प्रथमच एका भारतीयाकडे आले ते १९२९ साली, आणि ते सर महंमद हबीबुल्ला हेही सरकारचेच कार्यकारी सदस्य होते.

या देखाव्याची खरी किंमत हर्सूल-औरंगाबादकडच्या माणसाने मोजली. ती कशी, हे समजल्यावाचून या कागदांचे महत्त्व समजणार नाही.

वॉशिंग्टनच्या १९१९ च्या परिषदेने युरोपातील कामगारासाठी आठवड्यास ४८ तासांची मर्यादा मान्य केली. भारतासाठी वेगळे कलम घालून ती ६० तास करण्यात आली. हा अन्याय तर होताच. परंतु त्या कलमात शब्द होते 'ब्रिटिश हिंदुस्थान'. त्याला अनुसरून १९२२ चा कारखाने कायदा झाला आणि मुंबई, नागपूर, सोलापूरच्या गिरण्यांत साठ तासांची मर्यादा आली. औरंगाबादेत १८८९ साली सुरू झालेली, सातशे माणसांना काम देणारी सूतगिरणी मात्र निजामाच्या राज्यात होती. सोलापूरचा कामगार आणि औरंगाबादचा कामगार एकच भाषा बोलत, एकाच वाणाच्या कापसाचे सूत काढीत, एकाच पंढरीच्या वाटेला लागत. पण एकाच्या तासांवर जगाची नजर होती, दुसऱ्याच्या तासांवर कोणाचीही नव्हती. जिनिव्हात मंजूर होणारा प्रत्येक करार निजामाच्या सरहद्दीशी येऊन थांबत असे.

याहून भयंकर गोष्ट १९२६ ची. त्या वर्षी राष्ट्रसंघाने गुलामगिरीविरुद्धचा करार केला. भारताच्या वतीने त्यावर सही झाली ती राखून ठेवलेल्या अटींसह. आणि त्या अटींत ब्रह्मदेशातील काही डोंगरी मुलखांच्या जोडीला ब्रिटिश सार्वभौमत्वाखालील भारतीय राजे आणि सरदार यांचे प्रदेश नमूद केलेले आहेत. गुलामी टप्प्याटप्प्याने पण पूर्णपणे नाहीशी करण्याचे कलम आणि सक्तीच्या मजुरीस आळा घालण्याचे कलम ही दोन्ही या प्रदेशांना बंधनकारक राहणार नव्हती. त्या वर्षीच्या भारतीय शिष्टमंडळात कपूरथळ्याचे महाराज होते. संस्थानिक स्वतः भारत म्हणून व्यासपीठावर बसला आणि त्याचीच रयत भारत या शब्दातून वगळली गेली. तेलंगणात वेट्टी आणि मराठवाड्यात वेठ या नावाने चाललेली राबणूक, अंमलदाराचा मुक्काम पडला की महार-मांगांनी आणि बलुतेदारांनी बिनमोल खपायचे हा शिरस्ता, ही काही अज्ञात गोष्ट नव्हती. जिनिव्हाच्या सभागृहाला ती दिसू नये एवढीच तजवीज त्या अटींनी केली.

१९३० साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या मजुरीविरुद्ध स्वतंत्र करार केला. भारताने त्यावर शिक्कामोर्तब केले १९५४ साली, म्हणजे चोवीस वर्षांनी, जेव्हा निजामाचे राज्य जाऊनही सहा वर्षे लोटली होती. वेठबिगार मुक्तीचा केंद्रीय कायदा व्हायला तर १९७६ उजाडावे लागले, आणि तो आला आणीबाणीत, जेव्हा त्याची अंमलबजावणी मागणारे कार्यकर्ते स्वतःच तुरुंगात होते.

त्याच १९३० साली लंडनला पहिली गोलमेज परिषद भरली. हैदराबादच्या शिष्टमंडळाचे पुढारी सर अकबर हैदरी होते. कामगारांच्या वतीने जोशी होते. अस्पृश्यांच्या वतीने डॉ. आंबेडकर होते. संस्थानी प्रजेच्या वतीने कोण होते? कोणीही नव्हते. संस्थानी प्रजा परिषदेला आमंत्रण नव्हते. संस्थानांची बाजू संस्थानिकांनी आणि त्यांच्या दिवाणांनी मांडली. आठच वर्षांनी, ऑक्टोबर १९३८ मध्ये, हैदराबाद स्टेट काँग्रेसला सत्याग्रह करावा लागला. औरंगाबादच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्'साठी संप केला. आणि निजामी तुरुंग भरले, त्यांत औरंगाबादचा तुरुंगही होता. लंडनच्या मेजावर ज्यांना खुर्ची मिळाली नाही त्यांची नावे लिहिली गेली ती तुरुंगाच्या वहीत. म्हणूनच जोशींची खोकी आणि तुरुंगाच्या वह्या हे एकाच इतिहासाचे दोन भाग आहेत. एकावाचून दुसरा वाचता येत नाही.

येथे एक आक्षेप नेहमी येतो. खासगी कागद ते खासगी. कुटुंबाने दिले तर उपकार, न दिले तर तक्रार नाही. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदाही याच समजुतीवर उभा आहे. खासगी संग्रहांबाबत तो एवढेच सांगतो की, ते देणगीने, विकत घेऊन किंवा अन्य मार्गाने राष्ट्रीय अभिलेखागारास स्वीकारता येतील. स्वीकारता येतील, मागता येतील असे नाही. आता विचार करावा. राष्ट्राच्या नावाने परदेशी गेलेल्या प्रतिनिधीचा प्रवासखर्च सार्वजनिक तिजोरीतून, त्याचे पद सार्वजनिक, त्याने केलेल्या सहीने बांधली गेली ती जनता सार्वजनिक. मग त्या सहीआधी त्याने कोणाला काय लिहिले, कोणाचे ऐकले, कोणाला टाळले, एवढेच काय ते खासगी कसे? घरगुती पत्रे, आजारपण, मुलांची लग्ने हा भाग कोणी मागत नाही. परंतु शिष्टमंडळाच्या कामकाजाची टिपणे माळ्यावरच्या पेटीत पडली म्हणून ती वडिलोपार्जित मालमत्ता होत नाहीत. छापील इतिवृत्तात भाषण असते. भाषणातून जे गाळले गेले ते या पेट्यांत असते. संस्थानिकांच्या रयतेला कराराबाहेर ठेवण्याच्या अटी कोणी सुचविल्या, कोणी मान डोलावली, कोण गप्प बसले, हे इतिवृत्तात सापडणारे नाही.

राजेमहाराजांचे वाडे हॉटेले झाले आणि त्यांची दप्तरे बहुधा विश्वस्त संस्थांच्या कुलपात गेली. १९७१ साली तनखे बंद झाले तेव्हा समाजवाद्यांनी आनंद मानला, आणि तो योग्यच होता; पण तनख्याबरोबर दप्तर मागायला हवे होते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. ही चूक चळवळीचीही आहे.

दुसरा आक्षेप डाव्या मित्रांकडून येतो आणि त्याला बगल देणे बरे नव्हे. जोशी सरकारनियुक्त होते, असे ते म्हणतात. १९१९ साली त्यांना कामगारांनी निवडलेले नव्हते, सरकारने नेमले होते. मध्यवर्ती कायदेमंडळातही ते नियुक्त सभासद म्हणूनच बसले. डाव्या संघटनांनी बहिष्कार घातलेल्या व्हिटले आयोगाचे ते सदस्य झाले. आणि १९२९ साली नागपूरला ट्रेड युनियन काँग्रेस फुटली तेव्हा ते बाहेर पडणारांत होते. हे सर्व खरे आहे. व्हिटले आयोगावरील बहिष्कार बरोबर होता की नव्हता, हा वाद आज उकरून काढण्याचे प्रयोजन नाही. पण १९१९ साली सरकारने नेमले याचे कारण देशात कामगारांची मध्यवर्ती संघटनाच नव्हती. आणि ती उणीव भरून काढण्यासाठी ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली, तिच्या संस्थापकांत हेच जोशी होते. संघटना करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण हवे, हा ठराव कायदेमंडळात १९२१ साली त्यांनीच आणला. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा त्याचेच फळ. १९४० साली ते पुन्हा ट्रेड युनियन काँग्रेसचे सरचिटणीस झाले आणि पुढे आठ वर्षे राहिले. आणि समजा, जोशी नेमस्तांतले नेमस्त होते; तर मग त्यांचे कागद वाचण्याची अधिकच गरज आहे. वाटाघाटीच्या मेजावर बसलेला प्रामाणिक माणूस कोठे कोठे मागे सरकतो, हे कामगार चळवळीने शिकायचे कोठून? संत्यांच्या चरित्रांतून ते शिकता येत नाही.

आता हे कागद वाचणार कोण, हा खरा प्रश्न. राष्ट्रसंघाचे जिनिव्हातील अभिलेखागार २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत जवळजवळ दीड कोटी पानांनिशी संगणकावर आले. शेवटचे सरचिटणीस शॉन लेस्टर यांची रोजनिशीही तेथे वाचावयास मिळते. डान्झिग शहरात नाझींनी या आयरिश माणसाला कसे एकटे पाडले, हे आज पैठण गेटजवळच्या एखाद्या अभ्यासिकेत बसून कळू शकते. मराठवाड्याच्या मजुरांचा इतिहास मात्र तसा कळत नाही. जोशींचे कागद दिल्लीत. हैदराबाद सरकारचे दप्तर हैदराबादेत तार्नाक्याच्या अभिलेखागारात. औरंगाबादच्या किल्ले अर्कमध्ये असलेले मोगली दप्तरसुद्धा निजामी काळात हैदराबादेला गेले ते गेलेच. १९५६ साली मराठवाडा भाषेच्या न्यायाने द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला. माणसे आली, जमिनी आल्या, त्यांच्या दुःखाचे कागद मागे राहिले. महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख विभागाचे कार्यालय औरंगाबादेत आहे. पण तेथील कामास राज्याच्या अंदाजपत्रकात काय स्थान आहे, हे विचारणारा आमदार विरळा.

त्यातच लिपीची अडचण. निजामी कारभाराची भाषा उर्दू. तारखा फसली सनाच्या. गावपातळीवरचे पुष्कळसे लेखन मोडीत. हे वाचू शकणारी पिढी झपाट्याने संपत आहे. उर्दूला एका धर्माची भाषा ठरवून तिच्याकडे पाठ फिरविण्याचे जे राजकारण मराठवाड्यात माजले आहे, त्याचा एक परिणाम असा की, वेठीला धरलेल्या महाराचा, मांगाचा, वडाराचा तक्रार-अर्ज जर उर्दूत नोंदला गेला असेल तर त्याचा नातू तो वाचू शकत नाही. शहराचे नाव बदलण्यास जेवढी वर्षे आणि जेवढा आवाज खर्ची पडला, त्याच्या शतांश जरी उर्दू-मोडीच्या वर्गांवर खर्च झाला असता तरी आज दप्तराचे रुमाल सोडायला माणसे मिळाली असती.

आणि पुन्हा हर्सूल. १९३० च्या करारात एक पळवाट आहे, तिचे नाव तुरुंग. न्यायालयाने शिक्षा दिलेल्या माणसाकडून सरकारी देखरेखीखाली घेतलेले काम त्या करारानुसार सक्तीची मजुरी ठरत नाही. फक्त त्याला खासगी मालकाच्या हवाली करता येत नाही. म्हणजे जगातील कामगारांचे हक्क लिहिणारांनी तुरुंगाच्या दारात लेखणी खाली ठेवली. शिक्षाबंद्यास न्याय्य मजुरी द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले ते १९९८ साली. त्याने कोणते काम करावे हे जातीवरून ठरू नये, असे सांगितले २०२४ साली. मधली वर्षे कोणी काय काम केले, किती मजुरी मिळाली, किती कापली गेली, याचा हिशेब कोणत्याही मुत्सद्द्याच्या पेटीत नाही. असलाच तर कारागृहांच्या कामवाटप वह्यांत आणि मजुरीपत्रकांत आहे. या वह्या लिहिणारा लेखनिक इतिहास लिहीत नव्हता, आणि म्हणूनच त्याची नोंद जास्त विश्वासाची.

पक्षाच्या जिल्हा शाखांनी आणि मराठवाड्यातील कामगार संघटनांनी म्हणून काही गोष्टी मागाव्यात. जोशींच्या संग्रहाच्या प्रती संगणकावर सर्वांना खुल्या व्हाव्यात, आणि एक संच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात यावा. तार्नाक्याच्या दप्तरातील मराठवाड्याच्या पाच जिल्ह्यांविषयीच्या कागदांच्या प्रती महाराष्ट्र शासनाने तेलंगण शासनाकडे मागाव्यात. दोन राज्यांत पाण्यासाठी बैठका होतात, त्यांत एक विषय कागदांचाही असू द्यावा. शिष्टमंडळाच्या कामाचे कागद खासगी संग्रहात असतील तर ते मागण्याचा अधिकार अभिलेखागाराला देणारी दुरुस्ती १९९३ च्या कायद्यात व्हावी. जिवंत कैद्याचे नाव, आजार, घरचा पत्ता उघड होऊ नये हे योग्यच. त्यासाठी तीस-चाळीस वर्षांची मुदत घालता येते, वही नष्ट करावी लागत नाही.

यांपैकी बहुतेक गोष्टींना दिल्ली-हैदराबादची दारे ठोठवावी लागतील आणि वेळ लागेल. एका गोष्टीला लागणार नाही. हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहात कोणत्या सालापासूनच्या कोणत्या नोंदवह्या शिल्लक आहेत, त्यांतील कोणत्या उर्दूत आहेत आणि कोणत्या मराठीत, याची एक साधी यादी कारागृह विभागाने प्रसिद्ध करावी. आणि ती प्रसिद्ध होईपर्यंत जातीच्या रकान्याची एकही जुनी वही 'ड' वर्गात टाकली जाऊ नये.